मुक्त म्हणजे फुकट नव्हे
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाहुण्यांची भाषणे ऐकली, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा ती संपण्याची वाट पाहिली, त्याच शाळेच्या व्यासपीठावर आज आपण मला उभे केले आहे. संस्थेचा मी आभारी आहे. मी विद्वान नाही आणि वक्ताही नाही. मी एक कारागीर आहे. माझ्या कारागिरीवर माझे घर चालते. ते कसे चालते, कुठे अडखळले आणि तुमच्या मुलामुलींना त्यातून काही घेता येईल का, एवढेच सांगण्याचा माझा इरादा आहे.

सुरुवात एका फसलेल्या स्थळापासून करतो. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलीकडचे एक बुजुर्ग आमच्या घरी आले. त्यांनी अब्बांना विचारले, ‘मुलगा कुठे असतो?’ अब्बा म्हणाले, ‘घरीच असतो.’ ‘काम काय करतो?’ ‘कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो.’ ‘कोणत्या कंपनीत?’ ‘कोणत्याच नाही.’ ‘म्हणजे स्वतः विकतो?’ माझे अब्बा खरे बोलणारे. ते म्हणाले, ‘विकत नाही. लिहितो आणि लोकांना फुकट देऊन टाकतो.’ चहा संपण्याच्या आत ते स्थळ संपले.

त्या बुजुर्गांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आपल्या समाजात रोजीचे मार्ग ठरलेले आहेत. कोणी आखातात जातो, कोणी दुकान सांभाळतो, कोणी नोकरी धरतो. जो माणूस आपले काम फुकट वाटतो त्याला मुलगी कोण देणार? पण ‘फुकट’ हा अब्बांचा शब्दच बरोबर नव्हता, आणि तो बरोबर नाही हे समजायला मलाही बरीच वर्षे लागली.

आधी ही चीज काय आहे ते पाहू. संगणकाला द्यायच्या सूचना माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहिलेल्या असतात. त्याला सोर्स कोड म्हणतात. बाजारातल्या पुष्कळशा सॉफ्टवेअरची ही सूचनांची वही कंपनी आपल्या कुलपात ठेवते. आपल्याला फक्त तयार माल मिळतो. त्यात बिघाड झाला तर तो उघडून पाहता येत नाही, आणि कंपनीच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला दिला तर गुन्हा होतो. याउलट मुक्त सॉफ्टवेअरची वही सर्वांपुढे उघडी असते. ते वापरावे, वाचावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे, असे चारही हक्क त्याच्या परवान्यातच लिहून दिलेले असतात. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरमध्ये ग्नू नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि या चळवळीचा पाया घातला. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, म्हणून स्टॉलमन यांना जन्मभर खुलासा करत फिरावे लागले. आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. आपल्याकडे ‘मुक्त’ वेगळा आणि ‘फुकट’ वेगळा. गंमत म्हणजे खुद्द स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आपला ईमॅक्स हा प्रोग्राम टेपवर भरून १५० डॉलरला विकला. प्रोग्राम मुक्त होता. ज्याला दुसरीकडून मिळेल त्याने खुशाल घ्यावा. पण टेप भरून, बांधून पाठवण्याचे पैसे पडत. या सबंध धंद्याचे बीज त्या १५० डॉलरमध्ये आहे.

पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली. आज तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. म्हणजे आपण सगळे रोज मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. फक्त ते कोणाच्या हातचे आहे हे आपल्याला माहीत नसते.

आता मुख्य सवाल. वही उघडी ठेवल्यावर पैसा कुठून येतो?

लग्नाचे उदाहरण घ्या. बिर्याणीची कृती आपल्या घराघरात ठाऊक आहे. ती कोणी कुलपात ठेवलेली नाही. तरी पाचशे माणसांची देग लावायची वेळ आली की आपण बावर्ची बोलावतो, आणि त्याला वेळेवर पैसे देतो. कारण आपल्याला कृती नको असते, वेळेवर आणि न करपता उतरलेली देग हवी असते. मुक्त सॉफ्टवेअरवर जगणारा माणूस हा असा बावर्ची आहे. त्याचे मार्ग मी चार सांगतो.

पहिला मार्ग सेवेचा. १९८९ मध्ये अमेरिकेत तिघांनी सिग्नस नावाची कंपनी काढली. ग्नूची अवजारे सर्वांना मोकळी होतीच. ती गिऱ्हाइकाच्या यंत्रावर चालवून देणे आणि बिघडली तर दुरुस्त करणे, याचे पैसे ही कंपनी घेई. पुढे रेड हॅट या कंपनीने ती विकत घेतली, आणि रेड हॅटला आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतले. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, तो आपल्या कामाचा नाही. आपल्या कामाचे उदाहरण मुंबईत आहे. ऋषभ मेहता यांच्या फ्रॅपे या मुंबईच्या कंपनीने ईआरपीनेक्स्ट नावाचे सॉफ्टवेअर तयार केले. कारखान्याचा हिशेब, माल, खरेदी, सगळे त्यात बसते. ते मुक्त आहे. पण लहान कारखानदाराला ते स्वतः बसवता येत नाही. म्हणून ते बसवून देणारी, त्याच्या गरजेप्रमाणे वळवून देणारी आणि वर्षभर सांभाळणारी माणसे लागतात, आणि या कामावर अनेक जण पोट भरतात. ज्याला दुकानाचा हिशेब कळतो आणि प्रोग्रामही कळतो, त्याला तिथे जागा आहे. दुकानदारांच्या मुलांनो, तुम्ही हे ध्यानात ठेवा.

दुसरा मार्ग असा की मूळ वस्तू मुक्त ठेवायची आणि मोठ्या गिऱ्हाइकाला लागणारी जादा सोय विकायची. अमेरिकेतील माइक पेरहॅम यांनी २०१२ मध्ये साइडकिक हे सॉफ्टवेअर काढले. वेबसाइटची मागे पडलेली कामे रांगेत लावून ते पार पाडते. साधी आवृत्ती मुक्त आहे, आणि मोठ्या कंपन्यांसाठीच्या आवृत्तीला वार्षिक वर्गणी आहे. कित्येक वर्षे या एकट्या माणसाने, एकही नोकर न ठेवता, हा धंदा उत्तम चालवला.

तिसरा मार्ग भरवशाच्या विक्रीचा. रिचर्ड हिप यांनी २००० साली एसक्यूलाइट बनवले. माहिती साठवण्याचे हे छोटे सॉफ्टवेअर आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. त्यावर हिप यांनी मालकी हक्कच ठेवलेला नाही, ते सर्वस्वी जनतेला देऊन टाकले आहे. तरीही ते त्यावर जगतात. मोठ्या कंपन्या सभासदत्वाची वर्गणी भरतात आणि त्या बदल्यात त्यांच्या अडचणी प्रथम सोडवल्या जातात. आणखी एक मजा पाहा. काही कंपन्यांच्या वकिलांना मोफत वस्तूवर विश्वास बसत नाही, त्यांना कागद लागतो. हिप तो कागद पैसे घेऊन देतात!

चौथा मार्ग आश्रयदात्यांचा. व्ह्यू हे वेबसाइट बांधण्याचे साधन तयार करणारे इव्हान यू २०१६ पासून पूर्ण वेळ त्याच कामाला लागले. वापरणारे लोक दरमहा थोडी थोडी रक्कम देत. केलब पोर्झिओ या अमेरिकन तरुणाने २०२० मध्ये जाहीर केले की आश्रयदात्यांकडून त्याला वर्षाला एक लाख डॉलर मिळू लागले आहेत. पण नुसते हात पसरून ते मिळाले नव्हते. आपले सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या चित्रफिती त्याने फक्त आश्रयदात्यांसाठी ठेवल्या, तेव्हा रक्कम वाढली. म्हणजे तिथेही त्याने काहीतरी दिले तेव्हाच मिळाले. आपल्या देशात झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा कामांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. ही चांगली सुरुवात आहे.

मित्रहो, इथवर ऐकून कोणाला वाटेल की हा सोन्याचा रस्ता आहे. म्हणून दुसरी बाजू न लपवता सांगतो.

जर्मनीचे वर्नर कॉख यांनी १९९७ मध्ये जीएनयूपीजी हे काम हाती घेतले. पत्र गुप्त ठेवण्याचे हे साधन जगभरचे पत्रकार आणि अधिकारी वापरतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका अमेरिकन वृत्तसंस्थेने लिहिले, तेव्हा लोकांना कळले की २००१ पासून या माणसाची कमाई सरासरी वर्षाला २५,००० डॉलर, म्हणजे जर्मनीत कारकुनाइतकीही नाही. घरात पत्नी आणि लहान मुलगी. बातमी आल्यावर मदतीचा ओघ सुरू झाला. पण त्याआधीची वर्षे त्यांना कोण परत देणार? एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये मोठा दोष सापडला. बँकांचे व्यवहार ज्यावर सुरक्षित मानले जात, ते हे सॉफ्टवेअर. तेव्हा उघड झाले की त्याला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. मार्च २०२४ मध्ये त्याहून भयंकर प्रकार झाला. एक्सझेड नावाचे छोटे सॉफ्टवेअर एक थकलेला माणूस पगाराशिवाय एकटा सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका अनोळखी इसमाने दोनतीन वर्षे चांगले काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. सर्व्हरवर प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे तो वेळीच सापडला.

यांतून मी एक धडा घेतला. काम किती जणांच्या उपयोगी पडते आणि कामाचे पैसे किती मिळतात, यांचा आपोआप संबंध नसतो. विहिरीचे पाणी सारा गाव पितो, पण गाळ काढायच्या दिवशी फार थोडे हात येतात. पैसा मागावा लागतो, ठरवावा लागतो, लिहून घ्यावा लागतो. हा धडा मला पुस्तकातून मिळाला नाही. त्याची फी मी भरली आहे.

ते असे झाले. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होतो. आमच्या मामूंच्या ओळखीचे एक कापड व्यापारी होते. त्यांना बिले मराठीत छापायची होती. संगणकावर अक्षरे ठीक दिसत, पण बिलाची फाइल केली की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. गिऱ्हाइके हसत. मी रविवारी त्यावर बसलो. शोधताना मला हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर सापडले. अक्षरे जोडण्याची अचूक रीत ते संगणकाला शिकवते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळ्यांत ते आहे. मूळचे इराणी असलेले बेहदाद एस्फहबोद हे त्याचे प्रमुख कर्ते. ज्यांच्या घरी उर्दू आहे त्यांना नाव ऐकूनच कळेल. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले, असे ते फारसी नाव आहे. एका इराण्याने मोकळे ठेवलेले काम कोकणातल्या कापड दुकानाच्या मराठी बिलाला उपयोगी पडले! मी त्याला बिलाचा प्रोग्राम जोडला, वेलांटी जागेवर आली. ज्याच्याकडून मोकळे घेतले त्याला मोकळेच द्यावे, म्हणून माझा जोडकामाचा भागही मी उघडा ठेवला.

काही महिन्यांनी नेपाळहून एका माणसाचे पत्र आले, त्याचीही लिपी आपलीच. मग आणखी पत्रे आली. एका कंपनीने विचारले, ‘यात अमुक सोय करून द्याल का? दर काय?’ दर! मला वाटले, आता नोकरीची गरज काय? मी राजीनामा दिला. हाताशी शिल्लक नव्हती, लेखी करार एकही नव्हता. त्याच साली धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. पहिल्या वर्षाची कमाई पगाराच्या निम्मीही झाली नाही. त्यातच एका गिऱ्हाइकाने फोनवर बोलणी करून माझ्याकडून तीन महिने काम करून घेतले. काम पुरे झाल्यावर मी पैसे मागितले, तेव्हा उत्तर आले, ‘तुमचा प्रोग्राम तर सगळ्यांना मोफत आहे. मग आम्ही पैसे कशाचे द्यायचे?’ माझ्या हातात एक चिठ्ठीही नव्हती. मी गप्प बसलो.

अब्बांनी २२ वर्षे आखातात एसी दुरुस्तीचे काम केले होते. त्यातून जमवलेल्या ठेवीतून त्यांनी बहिणीचे लग्न पार पाडले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते. मी पुन्हा नोकरी धरली.

लग्नानंतर काही दिवसांनी रात्री आम्ही दोघे अंगणात बसलो होतो. अब्बा म्हणाले, ‘बेटा, एक सांग. मी इतकी वर्षे एसी दुरुस्त केले. त्यातला एक तरी माझा होता का?’ मी म्हटले, ‘नाही.’ ‘मग मला पगार कशाचा मिळत होता? यंत्र कोणाचेही असो, ते बंद पडल्यावर मालकाला माझी गरज लागायची. तू तुझे यंत्र खुशाल वाट. पण तुझा वेळ वाटू नकोस. आणि कंत्राटाच्या कागदाशिवाय मी कधी शिडीवर चढलो नाही, हे विसरू नकोस.’ या विषयावरची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत. याहून नेमके मला कुठे सापडले नाही.

दीड वर्षाने मी दुसऱ्यांदा नोकरी सोडली, पण या वेळी तयारीने. आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला होता आणि दोन कंपन्यांशी वार्षिक देखभालीचे लेखी करार झालेले होते. तेव्हापासून मी स्वतंत्र आहे. आजही माझ्या कमाईचा मोठा भाग अशा देखभालीच्या करारांतून येतो. बाकीचा नव्या फर्माइशी कामांतून येतो. देणग्यांतून जे मिळते त्यात घरचे वीजबिल भागते. मी श्रीमंत झालेलो नाही. पण घर चालते, आणि आईवडिलांजवळ गावात राहून चालते. अब्बांच्या पिढीला ही दुसरी गोष्ट मिळाली नव्हती.

आता विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

मुक्त सॉफ्टवेअर शिकायला महागडा क्लास लागत नाही. जुन्या संगणकावरही लिनक्स चालते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे पाठ मोफत आहेत आणि त्यांतले कित्येक मराठीतही आहेत. चोरीचे सॉफ्टवेअर वापरून शिकण्याची सवय सोडा. जी वस्तू हक्काने मिळते ती असताना चोरीची कशाला? हलाल रोजीची सुरुवात अवजारापासून होते.

पहिल्या दिवशी मोठा प्रोग्राम लिहायला जाऊ नका. कोणत्या तरी चालू प्रकल्पात सामील व्हा. माहितीपत्रकातली चूक दुरुस्त करा, मराठी भाषांतर करा, दोष सापडला तर तो नीट कळवा. दोष कसा उद्भवतो हे पायरी-पायरीने सांगता येणे ही अर्धी विद्या आहे. तुमचे काम सर्वांना दिसते, म्हणून तेच तुमचे प्रशस्तिपत्र होते. तिथे आडनाव, गाव, कॉलेज कोणी आधी विचारत नाही, काम पाहतात. नोकरीच्या दारात ज्यांना आपल्या नावामुळे शंका वाटते, त्यांना मी हे मुद्दाम सांगतो. भेदभाव तिथे अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, पण केलेले काम पुसून टाकता येत नाही.

इंग्रजी लिहिण्याचा सराव करा. भाषा डौलदार नको, स्पष्ट हवी. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ हा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात निवड झालेल्यांना अनुभवी माणसाच्या हाताखाली काम आणि मानधन मिळते. ‘आउटरीची’ हा कार्यक्रम २०१० मध्ये ग्नोम प्रकल्पाने स्त्रियांसाठी सुरू केला आणि पुढे तो इतर उपेक्षितांनाही खुला झाला. मुलींनो, तुम्ही अर्ज जरूर करा. हे काम घरातून करता येते, हा मोठा फायदा आहे. पण पालकांनो, घरातून करता येते म्हणून मुलीला घरातच ठेवावे, असा त्याचा अर्थ काढू नका. संमेलनाला, परिषदेला तिलाही जाऊ द्या.

परवाना वाचायला शिका. जीपीएल परवान्याचे सॉफ्टवेअर बदलून पुढे दिले तर सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. एमआयटी परवान्यात जवळजवळ एवढीच अट असते की मूळ कर्त्याची नोंद पुसू नये. आपले काम कोणत्या परवान्याखाली सोडावे हा धंद्याचा निर्णय आहे. तो डोळे मिटून घेऊ नका.

हिशेब ठेवा. करार लेखी हवा, काही रक्कम आगाऊ हवी, काम कुठे संपते ते कागदावर हवे. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की सेवेच्या धंद्याला जीएसटीची नोंदणी लागते. परदेशी गिऱ्हाइकाच्या कामावर, ठरलेली कागदपत्रे केली तर, तो कर भरावा लागत नाही. प्राप्तिकर मात्र भरावाच लागतो. चांगल्या सीएची फी हा खर्च समजू नका.

मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. एआय आता स्वतःच प्रोग्राम लिहिते, मग हे काम राहील का? माझे उत्तर असे. साधी कामे यंत्र करू लागले आहे, मीही ते वापरतो. पण कर्ल या जगप्रसिद्ध साधनाचे कर्ते, स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे गाऱ्हाणे मांडले की यंत्राने रचलेल्या खोट्या दोषांच्या तक्रारी वाचण्यातच त्यांचा वेळ जातो. लिहिणे स्वस्त झाले की पारख महाग होते. ज्याला फक्त लिहिता येते त्याची अडचण होईल. ज्याला खरे-खोटे ओळखता येते आणि चुकीची जबाबदारी घेता येते, त्याला विचारणारे लोक राहतील. म्हणून गणित आणि मूळ शास्त्र पक्के करा.

पालकांना माझी दोनच विनवण्या आहेत. मुलगा संगणकापुढे बसला आहे एवढ्यावरून तो कामाचा आहे असे समजू नका आणि रिकामटेकडा आहे असेही समजू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, ‘आज काय केलेस? कोणाच्या उपयोगी पडले? पैसे कोण देणार?’ तीनही प्रश्न विचारा, आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला थोडी मुदत द्या. दुसरी विनवणी अशी की हातची नोकरी टाकून या रस्त्यावर उडी घेण्याची परवानगी त्याला लगेच देऊ नका. आधी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, संध्याकाळच्या वेळात काम उभे करू द्या. माझ्यासारखी फी कोणी पुन्हा भरू नये.

संस्थेलाही एक सुचवतो. केरळच्या सरकारी व अनुदानित शाळांत गेली अनेक वर्षे संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. आपल्या शाळेच्या संगणक-खोलीतही ते करता येईल. परवान्यांचा वाचलेला पैसा गरजू मुलांच्या जुन्या संगणकांवर खर्च करता येईल. ती खोली शनिवारी दुपारी उघडी राहिली तर मी महिन्यातून दोनदा येऊन शिकवीन. मी ही गोष्ट व्यासपीठावरून बोललो आहे. आता ती लिहून घ्या. कागदाचे महत्त्व मला कळले आहे.

शेवटी ते स्थळ. एक गेले, वर्षा-दोन वर्षांनी दुसरे आले. तेच प्रश्न झाले. ‘मुलगा काय करतो?’ मी आतल्या खोलीतून कान देऊन होतो. अब्बा म्हणाले, ‘दुरुस्तीचे काम करतो. यंत्रे जगभरची आहेत, कारागीर आमच्या घरचा आहे.’ त्या गृहस्थांनी पुढे काही विचारले नाही. ते आज माझे सासरे आहेत आणि इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत.